हाड कमी होत नाही

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शिक्षण नववीत सुटलं. ऱ्हस्व-दीर्घाचं मला अजून नीट उमगत नाही, आणि मोठे शब्द वापरायला गेलो की ते दुसऱ्याच्या सदऱ्यासारखे अंगावर लोंबतात. या सदरात शिकलेली, वाचलेली माणसं लिहितात. मी दिवसभर लेथ मशीनपुढे उभा असतो. तरी एक गोष्ट मनात सारखी फिरते आहे, ती साध्या शब्दांत सांगतो. चुका संपादकांनी सुधारून घ्याव्यात.

आणखी एक. गोष्टीतला शिष्य मीच आहे. पण ओळीओळीला 'मी, मी' लिहायला संकोच वाटतो. म्हणून जुन्या गोष्टींत असतं तसं 'शिष्य' असंच लिहितो. दुसऱ्याबद्दल लिहितोय असं धरलं की हात जरा मोकळा चालतो.

तर पंचगंगेच्या काठच्या एका शहरात, एकदा एका तालमीत, एक वृद्ध वस्ताद होते. आमच्याकडच्या तालमींची रीत बाहेरच्या लोकांना चमत्कारिक वाटते. आत तांबड्या मातीचा आखाडा, मारुतीची मूर्ती, भिंतीला टेकवलेली करेलं, म्हणजे मेहनतीचे जड लाकडी मुद्गल. आणि त्याच तालमीच्या नावानं मैदानावर फुटबॉलचा संघ. पेठेतली अर्धी घरं कुस्तीची, अर्धी फुटबॉलची. वस्ताद कुस्तीचे. त्यांचे कान मातीत घासून घासून चुरगळलेल्या कागदासारखे झाले होते. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे. ऑफसाइड हा प्रकार तर त्यांनी कधी मान्यच केला नाही. "पुढं गेला म्हणून शिक्षा? मग जायचं कुठं माणसानं?" असं ते विचारत.

पण त्यांचा एक नियम कुस्तीवाल्यांना आणि फुटबॉलवाल्यांना सारखाच लागू होता. आधी माती, मग बॉल. सकाळी आखाड्यात जोर-बैठका मारल्याशिवाय कुणी मैदानावर जायचं नाही. मेहनत झाली की बदामाची थंडाई. ती कुणी नाकारायची नाही.

शिष्य या तालमीत आला तेव्हा वेताच्या छडीसारखा होता. पळायला वाऱ्यासारखा. त्याला उजव्या विंगला खेळवू लागले आणि सात नंबरची जर्सी मिळाली. विंग म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा गडी. चुन्याच्या रेघेला लागून पळताना त्याच्या एका कानात मैदानाचा आवाज असे आणि दुसऱ्या कानात प्रेक्षकांचा. दोन्ही आवाजांच्या मधून तो जात असे. शाळेत फळ्यासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, वर्कशॉपात जो मान वर करून बोलत नव्हता, त्याला त्या रेघेवर आपण कोणीतरी आहोत असं वाटे. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग त्याचं अंग भरू लागलं. मातीनं, जोरांनी, थंडाईनं आणि वयानं. मान खांद्यांत उतरली. मांड्या जाड झाल्या. सदरे काखेत उसवू लागले. आईला आनंद झाला. शेजारणीला म्हणाली, "पोरानं अंग धरलं बघा. बापाच्या हाडावर गेलाय." शिष्यही आरशात दंड बघून खूष होत असे. विंगला खेळणाऱ्यानं पैलवानाचा खुराक घ्यावा आणि त्याचं काय होणार हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये, ही चूक फक्त आमच्याच पेठेत होऊ शकते. बॉलपाशी पोहोचायला त्याला अर्ध्या श्वासाचा उशीर होऊ लागला. त्याच्या स्वतःच्या मात्र ते लक्षात आलं नाही.

त्या हंगामात एक तरुण सर तालमीत आले. व्यायामाच्या कॉलेजात शिकवत होते. त्यांच्याकडे वजनकाटा, स्टीलचा टेप आणि एक चिमटा होता. त्यांनी प्रत्येकाची उंची घेतली, वजन घेतलं, कोपराचं आणि गुडघ्याचं हाड किती रुंद आहे ते मोजलं, आणि पाठीवरची, पोटावरची कातडी चिमट्यात धरून आकडे लिहिले.

"सर, हा चिमटा कशाला?" गोलीनं, म्हणजे गोलकीपरनं विचारलं.

"चरबी मोजायला."

"मग इंद्रजितला सोडा. त्याची सापडली तर पेपरात द्यावी लागंल."

सगळे हसले. इंद्रजित हा शिष्याचा मित्र. लहानखुरा, फासळ्या मोजाव्यात असा, आणि राखीव खेळाडूंत बसणारा. तोही हसला.

वस्ताद मारुतीपाशी बसून ऐकत होते, आणि सर शांतपणे समजावून सांगत होते. "वजनाचा एकटा आकडा काही सांगत नाही. दोघांचं वजन सारखं असतं, पण एकाचं वजन त्याला पळवतं आणि दुसऱ्याचं त्याला बसवतं. हाड किती, मांस किती, चरबी किती, हे वेगवेगळं पाहावं लागतं. गोली आणि मागची फळी बहुधा उंच आणि वजनदार असते. हवेतले बॉल आणि अंगावरची धडक तिथं जास्त. मधली फळी सर्वांत जास्त पळते, तिच्या अंगावर चरबी टिकत नाही. विंगचे गडी बहुधा लहान चणीचे. पण हे बहुधा आहे, बरं का. शरीर सांगतं ते ऐकावं, पण शरीर सगळंच सांगत नाही."

शिष्याची पाळी आली तेव्हा सरांनी त्याच्या गुडघ्यावर टेप दोनदा लावून पाहिला. म्हणाले, "चरबी फार नाही तुझ्यात. पण सांगाडा रुंद आहे. हा मागच्या फळीचा सांगाडा. चरबी कमी करता येते. हाड कमी होत नाही."

एकाच वाक्यातून प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच उचलतो. संघाचा कारभार बघणारे कार्यवाहक शेजारी उभे होते. त्यांना सरांचं 'बहुधा' ऐकू आलं नाही. शिष्याला 'हाड' ऐकू आलं नाही. त्यानं फक्त 'चरबी कमी करता येते' एवढंच ऐकलं.

पुढच्या सरावाला कार्यवाहकांनी जाहीर केलं, "आजपासून इंद्रजित विंगला. आणि तू स्टॉपर." स्टॉपर म्हणजे गोलीच्या पुढ्यात उभा राहून सगळं अडवणारा.

शिष्याला बोलायचं होतं. त्याचे ओठ हलले. "पण मी... विंगला..."

"हे बघ, माप सरांचं आहे, माझं नाही. उद्या म्हणशील वजनकाटा खोटा बोलतोय."

गोलीनं मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं. पुढ्यात असं कपाट असल्यावर मला काय काळजी?"

झालं. त्या दिवसापासून पेठेत त्याचं नाव कपाट पडलं.

त्यानं सात नंबरची जर्सी धुऊन आणतो असं सांगून घरी नेली, आणि परत आणली नाही. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. इंद्रजित बिचारा बिननंबरी जर्सी घालून खेळू लागला. त्यानं एकदाही मागितली नाही, आणि तो मागत नाही याचाच शिष्याला जास्त त्रास होई.

मग शिष्यानं ठरवलं, आपण बारीक व्हायचं. वर्कशॉपातून दुपारच्या सुटीत तो प्लॅस्टिकचा रेनकोट घालून उन्हात पळू लागला. लोक थांबून आभाळाकडे बघत. घरी जेवताना अर्धी भाकरी खाई, अर्धी हळूच बाहेर नेऊन कुत्र्याला घाली. शिष्य काही बारीक दिसेना. गल्लीतलं कुत्रं मात्र अंगानं भरलं.

"कुणाशी भांडलास काय?" आई विचारी.

"भूक न्हाई."

"दिवसभर मशीनपुढं उभा राहणाऱ्याला भूक न्हाई? आणि तो पाय हलवू नको म्हटलंय न्हवं. बसल्या जागी पाय हलवणं चांगलं नसतं."

त्याचा पाय सारखा हलत असे. जेवताना, बसमध्ये, मशीन बंद असताना स्टुलावर. डोळे मिटले तरी ती चुन्याची रेघ दिसे. उठून तो घाटावर जाई, पायऱ्या उतरे, पाण्याशी पोहोचला की पुन्हा चढे. कुठंही पोहोचला की तिथून निघावंसं वाटे. मन बसायला जागा शोधत होतं, आणि जागा सापडली की तिथून उठत होतं.

मैदानावर तो स्टॉपरच्या ठिकाणी उभा राही. पण नजर उजव्या रेघेवर. इंद्रजित बॉल घेऊन पळाला की याच्या पायात कळ उठे. तिथं मी असतो तर आतून वळलो असतो, तिथं मी असतो तर थांबलो नसतो. उपांत्य सामन्यात असाच तो इंद्रजितकडे बघत असताना एक उंच बॉल त्याच्या डोक्यावरून गेला आणि मागं गोल झाला. गॅलरीतून आवाज आला, "अरे कपाट उघडं राहिलंय, कुलूप लावा कुणीतरी."

संघ कसाबसा जिंकला. अंतिम सामना वरच्या पेठेच्या तालमीशी होता. दोन्ही पेठांत भगवे झेंडे लागले, पोरं घसे साफ करू लागली. कार्यवाहक वस्तादांना म्हणाले, "हा असाच झोपल्यासारखा खेळणार असंल तर फायनलला त्याला बाहेर बसवतो. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू, पुढच्या हंगामालाही नको मग."

हे शिष्याच्या कानावर आलं. विंग गेलीच होती. आता मैदानच जायची वेळ आली. यावर त्यानं काय करावं? उरलेली अर्धी भाकरीही कुत्र्याला घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात बैठका मारता मारता त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो मातीत आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा वस्ताद ओल्या पंच्यानं त्याचं तोंड पुसत होते.

"जेवतोस काय रं?"

"जेवतो की."

वस्तादांनी त्याचा दंड बोटांनी चाचपून पाहिला, आखाड्याच्या मातीचा ओलावा बघावा तसा. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आज संध्याकाळी मी मैदानावर येतो."

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीचा तो सराव. वस्ताद मैदानावर क्वचित येत, आणि आले तरी कडेला पडलेल्या, मैदान दाबायच्या दगडी रुळावर बसून मुलांच्या पायांकडे बघत राहत. त्या दिवशी ते थेट कार्यवाहकांपाशी गेले आणि त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"आज हा विंगला खेळंल," शिष्याकडे बोट करून ते म्हणाले. "इंद्रजित, तू मागं. स्टॉपर."

"वस्ताद, उद्या फायनल आहे," कार्यवाहक हादरले. "आज असला खेळ कशाला? इंद्रजितला वाऱ्यानं पाडतील ती पोरं."

"पडला तर माती आहेच खाली. होऊ द्या चालू."

शिष्याला वाटलं, आपलं ऐकलं कुणीतरी. तो रेघेपाशी जाऊन उभा राहिला. एका कानात मैदान, दुसऱ्या कानात रस्त्यावरच्या गाड्या. बॉल आला, तो पळाला. पोटात काही नव्हतं, त्यामुळे पाय जड होते. तरी तो पळाला आणि त्याला हसू आलं.

खेळ रंगला. समोरच्या बाजूनं चढाई झाली. तेवढ्यात वस्तादांनी शिट्टी वाजवली. सगळे जागच्या जागी थांबले.

"काय झालं, वस्ताद? कुणाचा फाउल?"

"काही न्हाई. चालू दे."

परत खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं परत शिट्टी. परत सगळे थांबले. परत, "चालू दे." एकदा तर बॉल मैदानाच्या बाहेर गेलेला असताना शिट्टी वाजली. गोली खांबाला टेकून म्हणाला, "वस्तादांना शिट्टी आवडलेली दिसतीया. पुढच्या जत्रेत एक घेऊन देऊ." कार्यवाहक डोक्याला हात लावून बसले. म्हातारपणानं काय होतं माणसाचं, असा चेहरा करून.

शिष्य बेचैन झाला. प्रत्येक शिट्टीला वस्ताद आपल्याकडेच बघतात असं त्याला वाटलं. आपण रेघ ओलांडली? कुणाला ढकललं? उद्याचा निर्णय याच शिट्टीत आहे, हे त्याला कळत होतं. पण शिट्टी कशाची हे कळत नव्हतं. शेवटी गोलसमोर एक उंच बॉल आला. इंद्रजितनं उडी मारली, पण तो दोघा धिप्पाड गड्यांच्या मध्ये चिपाडासारखा दबला. आणि शिष्य, मैदानाच्या त्या टोकाला असलेला शिष्य, कुठून कसा तिथं पोहोचला कुणास ठाऊक. त्यानं तो बॉल डोक्यानं असा भिरकावला की तो मधली रेघ ओलांडून गेला.

वस्तादांनी एक लांबलचक शिट्टी वाजवली आणि ती गळ्यातून काढून ठेवली.

सराव संपला. शिष्य तरातरा रुळापाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज वस्तादांपुढे चढला.

"वस्ताद, फाउल कुणाचा होता? मी काय केलं?"

"बस."

"बसवत न्हाई."

"ते दिसतंय मला. कधीपासनं दिसतंय. म्हणून तर म्हणतो, बस."

तो बसला. पाय हलत होता. इंद्रजितही गुडघ्यावरची माती झटकत जवळ येऊन उभा राहिला.

"फाउल कुणाचा नव्हता," वस्ताद म्हणाले. "मला कुठला फाउल कळतोय? तू ओरडलास की मी शिट्टी वाजवली. तेवढंच."

"मी कुठं ओरडलो?"

इंद्रजित हसला. "कुठं ओरडलो म्हणतोय. घसा बसलाय बघ तुझा. 'इंद्या, मागं बघ. इंद्या, उडी मारू नको, थांब. इंद्या, डावीकडून आलाय.' मला तर वाटलं विंगला तू न्हाईस, माझ्या खांद्यावर बसलायस."

शिष्यानं गळ्याला हात लावला. घसा खरंच बसला होता. जो मुलगा चारचौघांत तोंड उघडत नव्हता, तो सगळा सराव ओरडत होता; आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग वस्ताद जे बोलले ते मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देतो.

"सरांनी तुझं माप घेतलं ते खरं आहे. त्यात खोट काढू नको. ते म्हणाले, हाड कमी होत न्हाई. आणि तू उपाशी राहून जे कमी करायलायस ते हाड न्हाई, बाळ. ते बळ आहे. ते मी आणि तुझ्या आईनं मिळून घातलंय तुझ्यात. पण सर हेही म्हणाले होते, की शरीर सगळंच सांगत न्हाई. शरीर एवढंच सांगतं, की तू कुठला भार पेलशील. इंद्याच्या अंगावर दोघं आले की तो दबतो. तुझ्या अंगावर आले की ते दबतात. इतकंच माप. पण माणूस कुठं उभा राहिला की खऱ्या अर्थानं जागा होतो, ते चिमट्यात सापडत न्हाई. त्यासाठी मी शिट्टी घेतली.

"इतके दिवस तुझी जागा मागची होती, पण त्या जागेवर तू जागा नव्हतास. म्हणून बॉल डोक्यावरनं गेला. आज तुला तुझी आवडती जागा दिली. आणि तू जागा झालास तो मागच्यासाठी."

शिष्य खाली बघत म्हणाला, "म्हणजे माझं मनच चंचल आहे. मागं असलो की पुढं, पुढं असलो की मागं. कुठंही ठेवा, मी तिथं न्हाईच."

वस्ताद हसले. "तेही खरं आहे. पण दोन बघण्यांत फरक आहे, तेवढा ध्यानात घे. मागं उभा राहून विंगकडं बघायलास, तेव्हा तुला तिथं कोण दिसत होतं?"

शिष्यानं उजव्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी."

"आणि आज विंगवरनं मागं बघायलास, तेव्हा?"

शिष्यानं इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजितच्या कोपरावर खरचटलं होतं आणि त्यावर माती बसली होती.

"ज्यात आपण आपल्याला दिसतो ती हौस," वस्ताद म्हणाले. "हौस वाईट न्हाई. मलाही होती. पण ज्यात दुसरा दिसतो आणि त्याला सांभाळायला आपला आपण आवाज फुटतो, ती आपली जागा. सगळ्यांनाच ती आवडीची मिळते असं न्हाई. आवड मागनं येते, कधीकधी येतही न्हाई."

ते उठले. शिट्टी कार्यवाहकांच्या हातात परत दिली आणि वळून म्हणाले, "उद्या तू खेळणार. कुठं उभा राहणार ते तू ठरव. विंग म्हणालास तर विंग. यांचं मी बघतो."

कार्यवाहक काही बोलायला गेले. वस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पैलवानाचा होता. कार्यवाहकांनी विषय सोडला.

शिष्य रुळावरून उठला. तो घाटाकडून घरी गेला. पायऱ्या उतरला, चढला, पुन्हा उतरला. वस्तादांचं पटलं होतं, आणि पटलेलं सहन होत नव्हतं. ती चुन्याची रेघ इतक्या सहज सोडायची? ज्या एका ठिकाणी आपण कोणीतरी होतो ते ठिकाण आपल्या हातानं दुसऱ्याला द्यायचं? आणि दुसऱ्या बाजूनं कानात स्वतःचाच बसलेला आवाज येत होता: इंद्या, मागं बघ. आपण एवढं मोठ्यानं बोलू शकतो, हे त्याला त्या दिवशीच कळलं होतं. विंगला इतकी वर्षं पळून तो कधी एक शब्द बोलला नव्हता.

इथवर 'शिष्य' लिहिलं. आता थांबवतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी जे केलं ते मीच केलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

सकाळी उठून मी पत्र्याची पेटी उघडली. तळातून सात नंबरची जर्सी काढली. घड्यांच्या रेघा पडल्या होत्या. तशीच घेऊन इंद्रजितच्या दारात गेलो. तो दात घासत होता. तोंडाला फेस. मी जर्सी पुढं केली. त्यानं ती आधी बघितली, मग मला बघितलं, मग चूळ भरून आला आणि बनियनवरच अंगात घातली. माझ्या अंगावर ताणलेले तिचे खांदे कोपराकडे उतरले.

"यात मी आणि माझा धाकटा भाऊ दोघं मावू," तो म्हणाला.

"खाली खोच."

"तुला चालतंय न्हवं? नक्की?"

नक्की चालत नव्हतं. खोटं कशाला सांगू. पण मी म्हणालो, "तू पुढं बघ. मागचं मी बघतो."

घरी आलो. रेनकोट खुंटीला लावला. आई चुलीपुढे होती. ताटावर बसलो आणि एक भाकरी सगळी खाल्ली. बाहेर कुत्रं येऊन उभं राहिलं, त्याला आज काही मिळालं नाही. मी म्हणालो, "आई, आणि एक वाढ."

आईनं भाकरी वाढली. वाढताना तिची नजर माझ्या पायाकडे गेली. पाय अजून हलत होता. ती रोजच्यासारखं काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. तिला काय दिसलं मला ठाऊक नाही. मला एवढं कळत होतं, की आज तो पाय बसल्या जागेवरून पळून जायला बघत नव्हता. त्याला मैदानावर जायची घाई झाली होती.